पुराव्याचें भूत

भयानक रसाच्या वाट्याला आमच्या समीक्षेंत बहुतकरून उपेक्षाच आली आहे. भरतानें आठ रसांत त्याला स्थान दिलें खरें, परंतु शृंगार, वीर आणि करुण यांच्या पंक्तीला त्याला क्वचितच कोणी बसविलें. मराठींत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनीं या रसाची निष्ठेनें उपासना केली व त्यांना वाचकही उदंड लाभले. तरी त्यांच्या कथांचा विचार 'करमणूक' या एका शब्दांत आटोपण्याची चाल अद्याप गेलेली नाहीं. अशा स्थितींत, ज्याला ग्रंथ म्हणतां येत नाहीं आणि नाटकही म्हणतां येत नाहीं, अशा एका संगणकावरील खेळाची चर्चा या पृष्ठांतून करावयाची म्हणजे कांहीं वाचकांच्या भुंवया वर चढतील. तथापि ठाणें, कल्याण, डोंबिवली या भागांतील ज्या घरांत कॉलेजांत जाणारीं मुलें आहेत, त्यांपैकीं पुष्कळ घरांतील वडील मंडळींना या खेळाची ओळख, निदान भिंतीपलीकडून, झालेली असेल. रात्रीं अकराच्या पुढें मुलगा कानांना हेडफोन लावून अंधारांत बसतो. "दार लाव", "दिवा मालव", "आतां बोलूं नकोस" असें दबल्या आवाजांत कोणाला तरी सांगतो. आणि मध्येंच किंचाळतो. हा प्रकार काय आहे व त्याची योग्यता काय, हें पाहणें टीकाकाराच्या कक्षेबाहेरचें आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

खेळाचें नांव 'फॅस्मोफोबिया', म्हणजे ग्रीक भाषेच्या आधारानें 'भुताचें भय'. कायनेटिक गेम्स या ब्रिटिश संस्थेनें तो १८ सप्टेंबर २०२० रोजीं, अजून घडत असलेल्या अवस्थेंतच, लोकांपुढें ठेवला. तें वर्ष टाळेबंदीचें होतें. घराबाहेर पडण्याची चोरी झालेल्या तरुणांना एकमेकांच्या सहवासांत राहण्याचें एक साधन त्यानें दिलें, हें त्याच्या लोकप्रियतेचें एक कारण दिसतें. एका वेळीं चार जणांपर्यंत खेळतां येतें. आमच्या परिचयाच्या चौघांपैकीं एक ठाण्याला नौपाड्यांत, दोघे डोंबिवलींत व एक कल्याणला राहतो. पण खेळांत ते चौघे एकाच ट्रकमधून एका झपाटलेल्या घरापाशीं उतरतात. ट्रकांत तपासाचीं उपकरणें असतात: विद्युच्चुंबकीय लहरी मोजणारें यंत्र, उष्णतामापक, बोटांचे ठसे दाखविणारा अतिनील दिवा, भुताशीं बोलण्याची रेडिओसारखी पेटी, कोरी वही, चित्रण करणारा कॅमेरा, हिरव्या ठिपक्यांचा प्रकाश फेंकणारा दिवा. पुराव्यांचे मुख्य प्रकार सात. भुतांच्या जाती २० हून अधिक. प्रत्येक जातीला ठराविक तीन पुरावे लागू पडतात. ते मिळाले कीं भुताची जात ओळखावयाची, ट्रकांत परतावयाचें आणि मोबदला घ्यावयाचा. हें सर्व होईतों अंधारांत खेळाडूंचें मन:स्वास्थ्य टक्क्यांनीं उतरत जातें, आणि तें पुरेसें खालावलें म्हणजे भूत शिकारीस निघतें.

या रचनेंत कसब आहे, हें प्रथम मोकळ्या मनानें सांगितलें पाहिजे. भयपटांत पडद्यावर जें विद्रूप तोंड वारंवार आपटतें, त्याचा येथें संयमानें उपयोग केला आहे. बराच वेळ कांहींच घडत नाहीं. एक दार अर्धवट उघडें असतें. तें मघाशीं तसें होतें काय, एवढाच प्रश्न पडतो. दूरच्या खोलींत पाऊल वाजल्यासारखें वाटतें. तोंडाची वाफ दिसूं लागते. खरें भय या प्रतीक्षेंत आहे, ही गोष्ट कर्त्यांना पक्की कळलेली आहे. याहून मोठी युक्ति ध्वनीची. खेळाडूचें प्रत्यक्ष बोलणें भुताला ऐकूं येतें, आणि शिकारीच्या वेळीं बोलणाऱ्याचा माग काढीत तें येतें. रात्रीं पहिल्या हाकेला ओ देऊं नये, असें कोंकणांत आजी सांगत असे; तिचें तें शहाणपण या परदेशी यंत्रांत कोठून शिरलें, याचें आम्हांस कौतुक वाटलें. मीठ सांडून पाऊल पाहणें आणि धूप जाळून भुताला थोपविणें हे उपायही आहेतच. एरवीं एक क्षण गप्प न बसणारीं मुलें येथें श्वास रोखून ऐकतात. अवधानाचा असा अभ्यास वर्गांत करवून घेणें आम्हांस पुष्कळदां साधलेलें नाहीं.

पण ज्याला भय वाटतें त्याला भयानक रसाचा आस्वाद मिळतो, असें मात्र नव्हे. अभिनवगुप्तानें या रसाच्या विवेचनांत 'शाकुंतला'च्या आरंभींच्या हरिणाचें उदाहरण घेतलें आहे. राजाच्या बाणापुढें पळणाऱ्या त्या हरिणाचें भय प्रेक्षक अनुभवतो. पण तें 'मी भ्यालों' किंवा 'तो भ्याला' अशा मर्यादेंत अडकत नाहीं, म्हणून तें रसरूप होतें. या खेळांत प्रेक्षकालाच हरिण केलें आहे. पळावयाचें त्यानेंच, दडावयाचें त्यानेंच. तेव्हां येथें रस नसून निव्वळ भय आहे, असा निवाडा एखादा शास्त्री देईल. आम्हांस तो पूर्णपणें मान्य नाहीं. चौघांपैकीं एक मेला म्हणजे तो बाकीच्यांना मूकपणें पाहत राहतो. आणि खेळ संपल्यावर चौघेही आपापल्या घरीं खदखदून हंसत त्या भीतीचें वर्णन पुन:पुन्हां करतात. जें भय सांगतां येतें, वांटून घेतां येतें, तें रसाच्या उंबरठ्यापर्यंत आलेलें असतें. मग तें आंत कां येत नाहीं? आमच्या मतें त्याचें कारण भीतींत नाहीं, भुतांत आहे.

आमच्या कोंकणची, विशेषत: जुन्या ठाणें जिल्ह्याची, भुतांची नामावळी पाहावी. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनीं गांवोगांवच्या शिक्षकांकडून जमविलेली माहिती, १९०९ मध्यें त्यांचा वध झाल्यावर, एन्थोवेन यांनीं संकलित केली. कोंकणच्या लोकसमजुतींवरील त्यांचा ग्रंथ १९१५ सालीं निघाला. वेताळ, समंध, मुंज्या, देवचार, गिऱ्हा, झोटिंग, जखीण, लावसट, हडळ अशा कितीतरी जाती त्यांत नोंदलेल्या आहेत. जातींची संख्या हेंच वैशिष्ट्य असतें, तर आमची यादी व या खेळाची यादी सारखीच ठरली असती. पण आमच्या बहुतेक नांवांत एका अपुऱ्या राहिलेल्या आयुष्याची हकीकत आहे. मुंज झाली आणि पुढचें कांहींच झालें नाहीं, तो मुंज्या. बाळंतपणांत गेली ती हडळ. पाण्यांत बुडाला तो गिऱ्हा. ज्याचा जीव धनांत गुंतला किंवा ज्याचें उत्तरकार्य करावयास कोणी उरलें नाहीं, तो समंध. म्हणून आमचा जाणता माणूस झपाटलेल्याला प्रथम विचारतो, 'तूं कोण?' आणि लगेच विचारतो, 'तुला काय पाहिजे?' पहिल्या प्रश्नाचें महत्त्व दुसऱ्यासाठींच असतें. २०२४ सालच्या 'मुंज्या' या हिंदी चित्रपटांत विनोदाची आतषबाजी पुष्कळ आहे, तरी त्याचें भूत लग्नाच्या अपुऱ्या इच्छेनेंच हिंडतें. तेवढें मूळ त्यानें सोडलेलें नाहीं.

'फॅस्मोफोबिया'ला हा दुसरा प्रश्न पडतच नाहीं. तेथें मलायी हंटू, जपानी ओनी व युरेई, अरबी जिन्न अशीं देशोदेशींचीं भुतें गोळा केलीं आहेत. पण प्रत्येकाची मायभूमि आणि दु:ख सोडवून घेऊन त्याला तीन पुराव्यांचा एक संच देण्यांत आला आहे. ट्रकांतील फळ्यावर भुताचें नांव-आडनांव लिहिलेलें असतें. तें आपोआप निवडलेलें असतें, आणि त्या नांवाचा माणूस कसा जगला, कसा मेला, याचा शेवटपर्यंत पत्ता लागत नाहीं. याहून सूचक गोष्ट अशी: प्रत्येक घरांत एक हाड कोठें तरी पडलेलें असतें. जो तें शोधील त्याला जास्त पैसे मिळतात. ज्या समाजांत अस्थि गोळा करून पाण्यांत सोडीपर्यंत घरांतील माणसांना चैन पडत नाहीं, त्या समाजांतील मुलें तें हाड उचलतात, "मिळालें रे!" म्हणतात आणि पुढच्या खोलींत जातात. त्यांना दोष देण्याचें कारण नाहीं. तें हाड कोणाचें, हें विचारण्याची सोयच खेळांत ठेवलेली नाहीं. ज्याच्याविषयीं करुणा उपजण्यास जागा नाहीं, तें भूत दचकवूं शकतें. मनांत रेंगाळूं शकत नाहीं. भयानकाच्या पाठीशीं करुण उभा नसला म्हणजे तो पोरका होतो, असें आम्हांस वाटतें.

भुताच्या तपासाचा थोर नमुना पाहावयाचा तर 'हॅम्लेट'कडे वळावें. गोपाळ गणेश आगरकरांसारख्या कडव्या बुद्धिवाद्यानें १८८३ मध्यें याच नाटकाला 'विकारविलसित' या नांवानें मराठी रूप दिलें, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. तेथील भुताला सांगावयाचें आहे. त्याच्यावर अन्याय झाला आहे. परंतु राजपुत्र त्याच्या शब्दावर ताबडतोब तलवार उपसत नाहीं. हें आपल्या बापाचें भूत कीं आपल्याला फसविणारा सैतान, ही शंका त्याला छळते, आणि खातरी करून घेण्यासाठीं तो राजापुढें नाटक करवितो. म्हणजे खऱ्या तपासांत दोन दारें उघडीं असावीं लागतात: एक करुणेचें आणि एक संशयाचें. पहिलें या खेळानें लावून घेतलें, तें आम्ही पाहिलें. दुसरें तर मुळांत ठेवलेलेंच नाहीं. यंत्रें आहेत, नोंदी आहेत, निराकरणाची पद्धति आहे. परंतु 'या घरांत भूत नाहीं' असें उत्तर लिहिण्यास वहींत जागा नाहीं. प्रत्येक घरांत भूत असतेंच. शास्त्राचा सगळा पोशाख चढविला आहे, आणि ज्या एका प्रश्नानें शास्त्राला आरंभ होतो तो मात्र वगळला आहे.

महाराष्ट्रांत ही उणीव कोणाला क्षुल्लक वाटूं नये. भुताटकीचा प्रत्यक्ष तपास करणारीं माणसें येथें होऊन गेलीं व आजही आहेत. डॉ. नरेंद्र दाभोलकर व त्यांचे सहकारी गांवोगांव जाऊन भानामतीच्या घटना तपाशीत. घरावर दगड पडतात, कपडे पेट घेतात, अन्नांत घाण पडते; आणि तपासाअंतीं त्यामागें माणसाचा हात आढळतो. पुष्कळदां तो घरांतीलच एखाद्या गांजलेल्या, कोंडलेल्या जीवाचा असतो. मग त्याची बदनामी न करतां त्याचें दु:ख ऐकून घेणें हेंच काम उरतें. येथें संशय आणि करुणा हीं दोन्ही दारें उघडीं आहेत. २० ऑगस्ट २०१३ रोजीं पुण्यांत दाभोलकरांची हत्या झाली. त्याच महिन्यांत जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरांत विधिमंडळानें कायदा संमत केला. ज्या प्रांतांत 'भूत आहे काय?' हें विचारण्यासाठीं एका माणसानें आयुष्य वेंचलें, तेथील तरुणांचा आवडता तपास त्या प्रश्नावांचून चालावा, याचें वैषम्य वाटल्यावांचून राहत नाहीं.

आणखी एक दोष ठाणेंकरांना अधिक जवळून जाणवेल. भयस्थानें म्हणून या खेळानें ओसाड बंगले व शेतावरचीं घरें यांबरोबर एक तुरुंग आणि एक वेड्यांचें इस्पितळ निवडलें आहे. आमच्या शहरांत हीं दोन्ही आहेत. ठाण्याच्या किल्ल्यांत कारागृह आहे, आणि मनोरुग्णालय १९०१ पासून रुग्णांची सेवा करीत आहे. तेथें कोणाची तरी बहीण, कोणाचा तरी भाऊ औषध घेत असतो. मनाचा आजार हें भुताचें घर, ही समजूत मोडण्यासाठीं डॉक्टरांनीं व कार्यकर्त्यांनीं किती वर्षें खपावें, आणि एका खेळानें ती नकळत पुन्हां रंगवून द्यावी! येथें कल्पकता तर थकली आहेच. सहानुभूतिही थकली आहे.

इतकें झाल्यावर न्यायासाठीं एक गोष्ट नमूद केली पाहिजे. खेळाच्या वरच्या, कठीण पायऱ्यांवर कांहीं पुरावे मुद्दाम दडवून ठेवलेले असतात. तेव्हां यंत्रें अपुरीं पडतात आणि खेळाडूंना भुताची वागणूक न्याहाळावी लागते: तें थंडींत वेगानें चालतें काय, मिठावर पाऊल टाकतें काय, दिव्यांशीं कसें वागतें. तेथें मुलें प्रथमच 'हें असें कां वागतें?' म्हणून बोलूं लागतात, हें आम्हीं ऐकलें आहे. जातीकडून स्वभावाकडे पडलेलें तें एक पाऊल आहे. स्वभावाकडून चरित्राकडे आणखी एक पाऊल पडतें, तर आम्हीं ही कृति आनंदानें साहित्याच्या पंक्तीला बसविली असती.

तें पाऊल इंग्लंडांतूनच पडावें असें थोडेंच आहे? डोंबिवलीच्या ज्या इमारतींत हीं मुलें राहतात, त्यांपैकीं पुष्कळ इमारतींखालीं एके काळीं भातशेतें होतीं. तीं कोणाचीं होतीं, तेथली विहीर केव्हां बुजली, पिंपळ कोणीं तोडला, हें त्यांतील किती जणांस ठाऊक आहे? कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून व ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उघडें आहे. गतकाळाची विचारपूस करणाऱ्याला तेथें यंत्रावांचूनही पुरावा सांपडेल. ज्यांना संगणकाची विद्या अवगत आहे, त्यांनीं ही सामग्री हातीं घ्यावी. तोंवर 'फॅस्मोफोबिया' मुलांना खुशाल खेळूं द्यावा. वडील मंडळींनीं घाबरण्यासारखें त्यांत कांहीं नाहीं. मात्र सकाळीं चहाच्या वेळीं त्यांना एवढें अवश्य विचारावें कीं, काल रात्रीं जें हाड तुम्हांला सांपडलें, तें कोणाचें होतें?