‘घाशीराम कोतवाल’मधील समूह आणि सौदा

विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ची चर्चा दीर्घकाळ दोन प्रश्नांभोवती फिरत राहिली : नाना फडणविसांचे चित्रण इतिहासाला धरून आहे काय, आणि प्रयोग संहितेपेक्षा मोठा आहे काय. १६ डिसेंबर १९७२ रोजी जब्बार पटेल यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक पुण्यात रंगभूमीवर आले, तेव्हापासून हे वाद इतके रंगले की नाटकातील माणसे आपापले निर्णय कोणत्या हिशेबाने घेतात, याकडे पुरेसे लक्ष गेले नाही.

प्रारंभीच रात्रीच्या वेळी बावनखणीकडे निघालेले ब्राह्मण कीर्तनाला जात असल्याचे सांगतात. कोण कोठे जातो हे प्रत्येकाला ठाऊक आहे. ते कोणी बोलायचे नाही, हा अलिखित करार मात्र सर्वांनी मिळून पाळला आहे. पाठमोऱ्या माणसांची भिंत हे या कराराचेच दृश्यरूप होय. तिला केवळ नेपथ्याची युक्ती मानणे म्हणजे नाटकाचा अर्धा आशय गमावणे.

घाशीरामाने केलेला सौदा वरकरणी चतुर आहे. गौरी हाती येण्यापूर्वीच तो कोतवालीचा हुकूम मिळवतो. नानाची वासना अधीर आहे हे त्याने अचूक हेरलेले असते. पण नाना त्याच्यापुढची चाल पाहतो. परका माणूस स्थानिकांच्या कटात सामील होणार नाही, आणि त्याच्या नावावर आपलीही पापे खपून जातील, हे त्याचे गणित. घाशीरामाची चूक फसवले जाण्यात नाही. ज्या एका गोष्टीसाठी नानाला त्याची गरज होती, ती देऊन झाल्यावर आपल्यापाशी देण्यासारखे काही उरत नाही, हे त्याला उमगत नाही. म्हणूनच गौरीच्या मृत्यूनंतर नानापुढे उभा राहूनही तो माघार घेतो आणि सगळा संताप शहरावर काढतो.

शहर इतके दिवस का सोसते? प्रत्येकजण कोतवालाला भितो, आणि दुसरा आपल्यासोबत उभा राहील याची कोणालाच खात्री नाही. कोठडीत कोंडलेले तैलंगी ब्राह्मण गुदमरून मरतात तेव्हा मात्र भय लपवण्याची सोय उरत नाही; भिंत जमाव होते. या उठावाला जनतेचा विजय म्हणणारे वाचन येथे अपुरे पडते. जमाव एकवटतो तो नानाने आधीच राखून ठेवलेल्या बळीभोवती, आणि घाशीराम दगडांखाली पडताच नाना उत्सवाची आज्ञा देतो.

एक उणीव मात्र नोंदवावी लागेल. सर्वांच्या चाली दाखवणाऱ्या या संहितेत गौरीला एकही चाल नाही. तिच्या मौनाने सौद्याची निर्घृणता वाढते, हे खरे. पण बाप आणि नाना तिच्याकडे ज्या दृष्टीने पाहतात, त्याहून वेगळी दृष्टी नाटककारानेही तिला दिलेली नाही. तिचा मृत्यूही तिचा राहत नाही, तो घाशीरामाच्या उन्मादाचे कारण म्हणून खर्ची पडतो.