उताडा हिकारू यांची आरंभीची गीतरचना आणि यतिभंगाचा प्रश्न

कलावंताच्या बालपणात त्याच्या कलेचे रहस्य शोधण्याची समीक्षेची सवय जुनी आहे. जपानी गीतकार-गायक उताडा हिकारू यांच्याविषयीच्या लेखनात ती विशेषच आढळते, आणि त्यांच्या चरित्राने तिला भरपूर आधारही पुरविला आहे. उताडा यांचा जन्म १९ जानेवारी १९८३ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. आई फुजी केइको या १९६९ मध्ये पुढे आलेल्या, ‘एन्का’ या करुणरसप्रधान गीतप्रकाराच्या ख्यातनाम गायिका. वडील उताडा तेरुझाने संगीत-निर्माते. बालपण न्यूयॉर्क आणि टोकियो या दोन नगरांत विभागले गेले. आई, वडील आणि अपत्य या तिघांच्या ‘यू थ्री’ या गायनसंचाची ध्वनिमुद्रिका १९९३ मध्ये निघाली होती. एवढ्या सामग्रीवरून ‘आईकडून स्वर, अमेरिकेकडून ताल’ असा निष्कर्ष सहज निघतो. तो सर्वस्वी चूक आहे असे नाही. परंतु त्याने मूळ प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, असे आम्हांस वाटते.

‘क्यूबिक यू’ या नावाने उताडा यांचा इंग्रजी गीतांचा ‘प्रेशस’ हा संग्रह जानेवारी १९९८ मध्ये जपानात प्रसिद्ध झाला. त्या वेळी तो फारसा गाजला नाही. त्याच वर्षी ९ डिसेंबरला, वयाच्या सोळाव्या वर्षात, ‘ऑटोमॅटिक’ हे स्वरचित जपानी गीत आले. १० मार्च १९९९ रोजी ‘फर्स्ट लव्ह’ हा संग्रह आला आणि एकट्या जपानात त्याच्या पंचाहत्तर लाखांहून अधिक प्रती खपल्या. तालाचे संस्कार दोन्ही संग्रहांमागे तेच. बदलली ती भाषा. श्रोत्यांना स्वभाषा अधिक जवळची वाटते, एवढ्यानेही या यशाची काहीशी संगती लागेल. म्हणून खपाचे आकडे बाजूस ठेवून रचनेकडेच वळणे इष्ट.

जपानी भाषेचे उच्चारमान मात्रेवर आधारलेले आहे. ‘टोकियो’ हे नाव जपानी कानाला तो-ओ-क्यो-ओ असे चार मात्रांचे. ‘निप्पोन’मध्ये नि-प्-पो-न् अशा चार मात्रा. द्वित्तातील पहिले व्यंजन आणि अंत्य अनुनासिक यांनाही तेथे स्वतंत्र मात्रेचा मान आहे. मात्रावृत्तांशी परिचित असलेल्या मराठी वाचकास हे समजण्यास कठीण नाही, मात्र आपली लघुगुरुव्यवस्था तेथे जशीच्या तशी लावता येणार नाही. एका मात्रेस एक स्वर ही जपानी गीतांची रूढ रीत. पाश्चात्त्य तालात ही भाषा बसते काय, हा वाद १९७० च्या सुमारास तेथे रंगला होता. ‘हॅपी एंड’ या वृंदाने जपानी शब्दांतच रॉक संगीत रचून त्यास उत्तर दिले. पुढे १९७८ मध्ये ‘सदर्न ऑल स्टार्स’ या वृंदासह पुढे आलेल्या कुवाता केइसुके यांनी उच्चारच इंग्रजीच्या वळणावर नेला. तेव्हा या भाषेला नव्या तालात बसविण्याचे श्रेय उताडा यांना देता येत नाही.

मग नवे काय? ‘ऑटोमॅटिक’च्या आरंभी दूरध्वनी वाजत असल्याचा प्रसंग आहे. तेथे घंटीसाठी ‘बेरु’ हा दोन मात्रांचा शब्द येतो. त्यातील ‘बे’ एका स्वरावलीच्या शेवटी पडते आणि ‘रु’ पुढील स्वरावलीच्या प्रारंभी. पाठोपाठ येणारे क्रियापदही असेच मध्ये तुटते. आपल्या छंदःशास्त्रात यास यतिभंग म्हणतात आणि तो दोषांत गणला जातो. येथे उच्चार मोडलेला नाही, मात्राही गाळलेल्या नाहीत. केवळ शब्दाची सीमा आणि सुरांची सीमा एकमेकींपासून अलग केल्या आहेत. परभाषेत वाढल्याने जपानीवर पुरेशी पकड नव्हती, म्हणून हे घडले असे म्हणावे, तर लागोपाठ दोनदा, आणि तेही गीताच्या तोंडाशीच, अशी चूक होणे संभवत नाही.

दोष अर्थहानीवरून ठरवावयाचा असेल, तर येथे अर्थाची हानी नसून वृद्धीच आहे. पहिल्या तुकड्याशी श्रोता क्षणभर अडून राहतो. शब्द पुरा होण्याची वाट तो पाहतो, आणि गीतातील व्यक्तीही पलीकडून दूरध्वनी उचलला जाण्याची वाटच पाहत असते. वाट पाहण्याचे वर्णन करण्याऐवजी रचनेने ती श्रोत्याकडून करविली आहे.

उताडा यांच्या प्रत्येक शब्दभंगाला असे समर्थन लाभेल, असा आमचा दावा नाही. काही ठिकाणी ती केवळ लकबही असेल; त्याचा निर्णय एकेका गीतावरूनच करावा लागेल. परंतु ज्या ठिकाणी रचनेत निवड दिसते, त्या ठिकाणी वंश आणि जन्मस्थान यांचा दाखला देणे म्हणजे पंधरा वर्षांच्या कलावंताने केलेले काम त्याच्या आईबापांच्या खात्यावर जमा करणे होय. चरित्राने फार तर कोणती साधने हाताशी होती हे कळते. त्यांतील कोणते साधन कोठे आणि कशासाठी वापरले, हे ऐकूनच ठरवावयास हवे. आणि त्या कामी आपल्या छंदःशास्त्राची जुनी परिभाषा अद्यापि उपयोगी पडते.