मातीतले प्रेम आणि प्रेमातली माती

किशोरवयीन प्रेमाची निर्मळ कथा आणि शेतीकडे परतलेल्या कुटुंबाचे जीवन या दोन गोष्टी एकत्र आल्या की एक गोड कादंबरी आपोआप सिद्ध होते, असा समज वाचकांत आणि काही अंशी लेखकांतही रूढ आहे. शहराला कंटाळून आलेले आईबाप, त्यांच्यासह आलेली सोळा वर्षांची मुलगी, शेजारच्या वाड्यावरचा जोत धरणारा मुलगा आणि मृगाची पहिली सर एवढे साहित्य हाताशी असले की उरलेले काम निसर्ग करतो, असे मानले जाते. आमचे मत याच्या उलट आहे. हा कथाप्रकार वरून सोपा आणि आतून अवघड आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या हाती अशी पुस्तके देण्याचा प्रसंग शिक्षकांवर नित्य येतो, म्हणून त्याची परीक्षा काही निश्चित कसोट्यांवर होणे इष्ट आहे.

या प्रकाराचा एक प्रसिद्ध पूर्वज फ्रेंच वाङ्मयात आहे. बेर्नार्दीन द सँ-पिएर याची ‘पॉल आणि व्हर्जिनी’ ही कादंबरी १७८८ साली प्रसिद्ध झाली. मॉरिशस बेटावर, समाजापासून दूर, दोन निराधार स्त्रिया आपली मुले वाढवतात. ही मुले मातीत, झाडांत आणि ऋतूंच्या सहवासात मोठी होतात व त्यांच्यात निष्पाप प्रेम उमलते. पुढे व्हर्जिनीला फ्रान्सला धाडले जाते आणि परतताना बेटाच्या किनाऱ्याशीच जहाज फुटून ती मरते. हजारो वाचकांनी तिच्यासाठी अश्रू ढाळले. परंतु या नंदनवनातली जमीन कसतात ती प्रामुख्याने दोमँग आणि मारी ही गुलाम माणसे, हे वाचकाच्या ध्यानात सहसा राहत नाही. दोन मुलांच्या निरागसतेचा पाया दुसऱ्यांच्या घामावर आहे. योगायोग असा की त्याच १७८८ साली आमचा पेडणे महाल पोर्तुगिजांच्या सत्तेखाली गेला. डिचोली त्यापूर्वीच, १७८१ साली, गेली होती. युरोपातला वाचक वसाहतीतल्या निष्पाप प्रेमावर गहिवरत होता, तेव्हा येथे वसाहत विस्तारत होती. तेव्हा आमची पहिली कसोटी ही, की कथेतल्या शेतात श्रम कोणाचे आहेत हे लेखकाला ठाऊक असले पाहिजे.

आता मराठीकडे वळू. गो. नी. दांडेकरांची ‘शितू’ (१९५३) ही कोकणच्या निसर्गात फुललेल्या अबोल प्रेमाची कथा म्हणून सर्वपरिचित आहे. बालविधवा शितू आणि विसू यांच्यातली ओढ लेखकाने ज्या संयमाने रंगवली आहे, तो संयम आजच्या लेखकाने अभ्यासावा असाच आहे. येथे निर्मळपणा उपदेशातून आलेला नाही. एकमेकांच्या दुःखाची जाण ठेवणाऱ्या दोन जीवांच्या वागण्यातून तो आला आहे. तरीही दोन शंका आमच्या मनात राहतात. एक, या निर्मळपणाची सारी किंमत मुलगीच मोजते. दुसरी, खोताच्या घरातली माया जितकी ठसते, तितका कुळाचा खंड ठसत नाही. खोती नष्ट करणारा कायदा १९४९ साली झाला, हे लक्षात घेतले की ही दुसरी शंका केवळ वाङ्मयबाह्य राहत नाही. जमीन सुंदर दिसणे वेगळे आणि जमीन कोणाची आहे हे दिसणे वेगळे. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’ (१९५२) मध्ये प्रेमिक किशोर नाहीत, पण तेथे सुपारीचा व्यवहार आणि राधेवरचे प्रेम एकाच जिद्दीतून वाढते. पोट आणि प्रीती यांची अशी गाठ घालणे, हे या प्रकारातले अर्धे यश होय.

जमीन कोणाची, या दुसऱ्या कसोटीचे दारुण उदाहरण चित्रपटाने दिले. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’ (२०१६) मध्ये करमाळ्याच्या परिसरातली शेतशिवारे प्रेमाला आसरा देतात. नायिका ट्रॅक्टर हाकते आणि ते दृश्य मुक्ततेचे वाटते. पण ज्या घराण्याची सत्ता त्या शिवारावर आहे, त्याच घराण्याच्या जातीच्या अभिमानाला दोघे बळी पडतात. हिरव्या पार्श्वभूमीवर विसंबून राहणाऱ्या प्रत्येक प्रेमकथेला हा इशारा आहे.

गोमंतकात, विशेषतः पेडणे आणि डिचोली या दोन महालांत, ही कसोटी अधिकच कडक होते. १९६४ चा कूळकायदा, त्यातली १९७६ ची पाचवी दुरुस्ती आणि १९७५ चा मुंडकार कायदा यांनी भाटकार, कूळ आणि मुंडकार यांचे जुने नाते कागदावर पालटले. मनांत ते किती पालटले, हा कादंबरीकाराचा विषय आहे. मये गावची जमीन तर कित्येक दशके सरकारी कस्टोडियनच्या नावे होती आणि पिढ्यान्‌पिढ्या कसणारा माणूस आपल्याच अंगणात उपरा राहिला. डिचोलीत लोखंडाच्या खाणी आल्या, मजुरी आली आणि पावसाबरोबर खाणीचा गाळ भातशेतांत उतरला. पुंडलीक नायक यांनी ‘अच्छेव’ (१९७७) या कोंकणी कादंबरीत खाणीपायी शेतकरी गाव कसा आतून ढासळतो ते दाखवले आहे. पुढे २०१२ साली खाणी थांबल्या, तेव्हा त्या मजुरीवर जगणाऱ्यांना शेताची आठवण झाली. पेडण्यात मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून वाहतुकीस खुला झाला. अशा भूमीत ‘शेतीकडे परतणे’ या शब्दांना एक अर्थ नाही. कोणी हौसेने परततो, कोणी नाइलाजाने, आणि कोणी मुळात गेलेलाच नसतो.

हा भेद टॉल्स्टॉयने उत्तम जाणला होता. ‘ॲना कॅरेनिना’तील लेव्हिन मजुरांच्या ओळीत उभा राहून गवत कापतो आणि त्या श्रमात त्याला स्वतःचा विसर पडतो. पण हा आनंद जमीनमालकाचा आहे, आणि मजूर त्याच्या योजनांकडे संशयानेच पाहतात, हे लेखक लपवत नाही. थोरो वॉल्डनच्या काठी दोन वर्षे राहिला, ती जागाही त्याच्या मित्राच्या, इमर्सनच्या मालकीची होती. परतीच्या आदर्शाची टवाळी आम्हांस करावयाची नाही. दिलीप व पौर्णिमा कुलकर्णी यांनी दापोलीजवळ कुडावळ्यास राहून साधे जीवन निष्ठेने आचरले, त्याचे मोल मोठे आहे. म्हणणे इतकेच की आदर्शाचा हिशोब कथेत मांडला गेला पाहिजे.

तिसरी कसोटी काळाची. शेतीला स्वतःचे वेळापत्रक असते आणि ते प्रेमिकांसाठी थांबत नाही. तरवा काढायचा दिवस चुकला तर लावणी बिघडते. खाजनाच्या मानशीचे दार भरतीच्या वेळी उघडे राहिले तर खारे पाणी शेतात शिरते. काजूची बोंडे पडली की ती त्याच दिवशी वेचावी लागतात. वायंगणाला पाटाचे पाणी पाळीनेच मिळते. या बंधनांतच किशोरप्रेमाला खरा अवकाश आहे. दोघांनी एकमेकांची वाट पाहावी ती पाण्याच्या पाळीवर, रागवावे ते न राखलेल्या मानशीवरून. मग निर्मळपणा सांगावा लागत नाही. ज्याच्यावर दुसऱ्याचे पीक सोपवले आहे, त्याच्यावर दुसऱ्याचे मनही सोपवता येते, हे वाचकाला आपोआप कळते. पौषातल्या धालोच्या मांडावर मुली काय गातात आणि काय गाळतात, हे ज्या लेखकाने ऐकले आहे, त्याला संकोचाची भाषा पुस्तकातून शिकावी लागणार नाही.

अशी कथा आमच्या डोळ्यांपुढे उभी राहते ती साधारण पुढीलप्रमाणे. परतलेल्या पित्याने हौसेने जे कुळागर विकत घेतले, त्याच्याच कडेला मुलाच्या घराण्याचे मुंडकाराचे घर आहे. मुलीचे हात पहिल्या लावणीत सोलवटतात. मुलाचे हात सोलवटत नाहीत आणि त्याबद्दल तिला प्रथम कौतुक, नंतर लाज वाटते. त्या लाजेतून प्रेम प्रौढ होते. शेवटी लग्न हवेच असे नाही, कारण हे वय लग्नाचे नव्हे. मुलाच्या घराखालच्या जागेचा कागद त्याच्या आईच्या नावे व्हावा म्हणून मुलगी आपल्या वडिलांसमोर उभी राहिली, तर त्याहून सुखद शेवट आम्हांस सुचत नाही.

लेखकांना आमची विनंती आहे की त्यांनी ही कथा पेडण्याच्या बोलीतल्या संवादांसह आणि सातबाराइतक्या सचोटीने लिहावी. शिक्षकांना विनंती अशी की प्रेमकथा म्हणून ती वर्गाबाहेर ठेवू नये. ज्या मुलांच्या घरची शेते आज विक्रीच्या बोलण्यात आहेत, त्यांना माणसावर आणि जमिनीवर एकाच वेळी प्रेम कसे करावे हे शिकवणारे पुस्तक त्यांच्या वयातच मिळाले पाहिजे. शेत गेल्यावर ते वाचून केवळ हळहळ पदरी येईल.