सीमाप्रश्न, वृत्तपत्रस्वातंत्र्य आणि एक नाकारलेली जाहिरात

दोन सरकारांचे भांडण पेटले की भाषिक अल्पसंख्याकांचे पत्रकार सर्वांना एकाएकी आठवतात. 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव, निपाणी, खानापूर हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. 1967 साली महाजन आयोगाने निपाणी, खानापूर महाराष्ट्राला द्यावे आणि बेळगाव तिकडेच ठेवावे असे सांगितले. 2004 साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. या साऱ्या काळात सीमाभागातील मराठी लेखणीची गळचेपी होते ही तक्रार सभांतून, ठरावांतून मांडली गेली. तिकडच्या मराठी माणसाला आपल्या भाषेत निर्भयपणे लिहिता आले पाहिजे, याविषयी माझ्या मनात किंतु नाही. पण गडहिंग्लजला राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न एकाच बाजूने पाहता येत नाही. आमच्या तालुक्याच्या पूर्वेकडे कानडी बोलणारी गावे आहेत. तिकडे मराठी अल्पसंख्य, इकडे कानडी अल्पसंख्य. आणि गावकुसाबाहेरची वस्ती दोन्हीकडे गावकुसाबाहेरच.

म्हणून विचारले पाहिजे की भाषेच्या नावाने मागितलेले स्वातंत्र्य त्या भाषेतल्या कोणाच्या पदरात पडते?

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास शिकवताना आम्ही कोल्हापूर प्रकरणापाशी हमखास थांबतो. संस्थानचे अल्पवयीन छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होतो, असे 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनी लिहिले. दिवाण माधवराव बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला. पुराव्यादाखल छापलेली पत्रे बनावट ठरली आणि 1882 साली टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. संस्थान आणि इंग्रज सरकार यांच्या संबंधात देशी पत्रकाराने तोंड घातले म्हणजे काय होते, याचा हा नमुना. परीक्षेत यावर प्रश्न येतो आणि मुले त्यावर बरे लिहितात. जोतीराव फुल्यांच्या शब्दाखातर त्यांचे सत्यशोधक स्नेही रामशेठ उरवणे यांनी या दोघा संपादकांचा जामीन दिला, हे मात्र फारच थोड्या उत्तरपत्रिकांत सापडते. मुलांचा दोष नाही. जे शिकवले जात नाही ते लिहिणार कोठून?

चौथे शिवाजी 1883 साली अहमदनगरच्या किल्ल्यात वारले. त्यांच्या गादीवर शाहू महाराज आले. एका छत्रपतीसाठी तुरुंग पत्करणारा 'केसरी' वेदोक्त प्रकरणात दुसऱ्या छत्रपतीच्या विरुद्ध उभा राहिला. 31 जानेवारी 1920 रोजी बाबासाहेबांचा 'मूकनायक' निघाला तो याच शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीने. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला. तेव्हा टिळक हयात होते. येथे कोणा परक्या सरकारचा हुकूम आडवा आला नव्हता, कोणी छापखान्याला टाळे लावले नव्हते. एका मराठी पत्राने दुसऱ्या मराठी पत्राला चार ओळींची जागा दिली नाही, एवढेच. या 'एवढेच'ची नोंद वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या इतिहासात कोणत्या प्रकरणात करायची? अडतीस वर्षांपूर्वीचा जामीन कोणाला आठवला असेल असे वाटत नाही.

माझ्या वडिलांना अक्षरओळख नव्हती. घरात वर्तमानपत्र यायचे ते बाजारच्या पुडीबरोबर, तेलकट आणि फाटके. तुकडे जुळवून मी वाचायचो. त्यात आमच्या वस्तीचे नाव कधी आले नाही.

सीमेपलीकडचे चित्र वेगळे नाही. 1973 साली कर्नाटकातील दलित मंत्री बी. बसवलिंगप्पा यांनी कन्नड साहित्याला 'बूसा' म्हटले, म्हणजे जनावरांपुढे टाकायचा कोंडा. भाषाभिमान खवळला, दलित विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, बसवलिंगप्पांना मंत्रिपद सोडावे लागले. आदल्याच वर्षी आपल्याकडे 'साधना'तील राजा ढाल्यांच्या लेखावरून काय काहूर उठले ते सर्वांना ठाऊक आहे. सीमाप्रश्नावर दोन्ही राज्यांचे पटत नाही, या बाबतीत मात्र दोघांचे वळण एकच. दलिताने मानबिंदूला हात लावायचा नाही.

1955 साली भाषावार राज्यांवर लिहिताना बाबासाहेबांनी हेच ओळखले होते. प्रत्येक प्रदेशात एक जात संख्येने मोठी आणि बाकीच्या तिच्यावर विसंबून. तेव्हा भाषेचे राज्य म्हणजे त्या जातीचे राज्य होण्याचा धोका. आमचे सीमावादी या ग्रंथाचा हवाला देतात तो एका राज्याची एक भाषा असावी एवढ्यापुरता. एका भाषेचे एकच राज्य हवे असे नाही, हे त्यांचे पुढचे म्हणणे आणि लहान समाजांच्या संरक्षणाचा भाग ते सोडून देतात.

आणि सीमा ओलांडून जाणाऱ्या बायका? या बाजूच्या मुली यल्लम्माला सोडल्या जात, त्या बेळगाव जिल्ह्यातल्या सौंदत्तीला. 1975 साली गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली ती त्यांच्यासाठी. यांची भाषा मराठी की कानडी याची चौकशी कोणत्याच सरकारने दावा लावण्याइतक्या आस्थेने केली नाही.

सीमाभागातील मराठी संपादकाच्या बाजूचे निवेदन घेऊन कोणी दारी आले तर मी सही करीन. सही करता करता विचारीन, तुमच्या कचेरीत आमच्यापैकी कोण बसतो, आणि सौंदत्तीची बातमी तुम्ही कितव्या पानावर घेता?