आयुष्याच्या पायऱ्या आणि ‘स्मृतिचित्रे’

मराठी आत्मचरित्रांचा अभ्यास मानसशास्त्राच्या साहाय्याने करण्याची प्रवृत्ती आपल्या विद्यापीठीय संशोधनात आता चांगलीच रुजली आहे, आणि तत्त्वतः तिला आक्षेप घेण्याचे कारण नाही. माणूस जन्मापासून मरणापर्यंत कसा घडत जातो, ह्या प्रश्नाशी आत्मचरित्रकार आणि मानसशास्त्रज्ञ दोघेही झगडत असतात. तेव्हा एकाने दुसऱ्याचे ऐकावे हे योग्यच होय. तथापि प्रत्यक्षात जे घडते ते निराळे आहे. एरिक एरिक्सन ह्यांच्या आठ अवस्थांचा तक्ता समोर ठेवावयाचा, आत्मचरित्रातील प्रसंग एकेका कप्प्यात घालावयाचे, आणि सर्व कप्पे भरले की निष्कर्ष मांडून मोकळे व्हावयाचे, असा हा परिपाठ आहे. ह्या परिपाठाची परीक्षा लक्ष्मीबाई टिळक ह्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ ह्या ग्रंथाच्या आधारे करावी, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हाच ग्रंथ निवडण्याचे एक कारण त्याची वाङ्मयीन योग्यता. दुसरे थोडेसे स्थानिक आहे. ज्या घटनेने ह्या ग्रंथातील संसाराला कलाटणी मिळाली ती आगगाडीच्या डब्यात घडली, आणि ती गाडी आपल्या भंडारा जिल्ह्यातून जाणाऱ्या रुळांवरची होती.

एरिक्सन ह्यांनी आपली उपपत्ती १९५० साली ‘चाइल्डहुड अँड सोसायटी’ ह्या ग्रंथात मांडली. फ्रॉइड ह्यांच्या मते व्यक्तित्वाचा पाया बालपणीच घातला जातो; एरिक्सन ह्यांनी विकासाची मर्यादा वार्धक्यापर्यंत नेली, हे त्यांचे मोठे कार्य होय. विश्वास की अविश्वास ह्या अर्भकाच्या प्रश्नापासून साफल्य की नैराश्य ह्या वृद्धाच्या प्रश्नापर्यंत आठ पेच, आणि प्रत्येक पेच आपापल्या वेळी उभा राहणारा, अशी ही मांडणी आहे. पाचवा पेच अस्मितेचा. तो तारुण्याच्या उंबरठ्यावर येतो, तो सुटला की सहावा जवळिकीचा, आणि त्यानंतर पुढच्या पिढीच्या जोपासनेचा. हा क्रम ध्यानात ठेवावा, कारण पुढील सर्व वाद ह्या क्रमासंबंधीच आहे.

आता परिभाषेकडे वळू. ‘आयडेंटिटी’ ह्या शब्दासाठी आपण ‘अस्मिता’ हा शब्द वापरतो. पतंजलीच्या योगसूत्रांत अस्मिता ही पाच क्लेशांपैकी एक आहे. अविद्येच्या पाठोपाठ तिचे नाव येते. जो दोष साधकाने क्षीण करावयाचा, तोच आज तरुणाने संपादन करावयाचा गुण ठरला आहे. ‘पौगंड’ ह्या शब्दाची कथा तर अधिक मनोरंजक आहे. जुन्या टीकाकारांच्या गणनेप्रमाणे पाचव्या वर्षापर्यंत कौमार, दहाव्यापर्यंत पौगंड, पंधराव्यापर्यंत कैशोर आणि त्यापुढे यौवन. भागवतात कृष्णाने कौमारात केलेले कृत्य गोपबाळ पौगंडात येऊन सांगतात, ते ह्याच गणनेने. आज मराठी पाठ्यपुस्तकातील पौगंडावस्था बाराव्या वर्षाच्या आसपास सुरू होते! शब्दाचा अर्थ बदलणे हा भाषेचा धर्मच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु ‘आपल्या परंपरेतही हीच अवस्था होती’ असे म्हणून जेव्हा एखादा अभ्यासक ह्या शब्दाचाच पुरावा पुढे करतो, तेव्हा तो नकळत स्वतःच्याच भाषांतराला साक्षीस बोलावीत असतो.

परिभाषा बाजूस ठेवून बोलीकडे पाहिले, तर वयाची मोजणी निराळ्याच मापाने होताना दिसते. मुलगी ‘परकरी’ असते, मग ‘पदर येतो’. मुलाला मिसरूड फुटते, तो ‘हाताशी येतो’, ‘दोनाचे चार हात’ होतात, आणि बापामागे तो ‘कर्ता’ होतो. बाई ‘लेकुरवाळी’ होते. शरीराचा बदल सांगणारे शब्द ह्यांत थोडे आहेत. अधिक आहेत ते नाते, वस्त्र आणि काम ह्यांवरून आलेले. आपल्या झाडीपट्टीत टुरी केवढी झाली हे सांगताना ती रोवण्याला जाऊ लागली असे सांगितले, की ऐकणाऱ्यास वेगळा आकडा लागत नाही. प्रौढ स्त्रीला तिच्या नावाऐवजी ‘अमक्याची माय’ म्हणून ओळखावे, ही रीतही सर्वांच्या परिचयाची आहे. अवस्था बदलते म्हणजे सभोवतालच्या माणसांतील आपली जागा बदलते, असे हे गणित आहे. ह्या गणिताला फार जुना वाङ्मयीन आधारही आहे. ज्यात नीळभट्ट भांडारेकाराच्या रूपाने भंडाऱ्याचे नाव अजरामर झाले, त्या ‘लीळाचरित्रा’ची विभागणी पाहावी. चक्रधरांच्या आयुष्याचे भाग तेथे वयाप्रमाणे पाडलेले नाहीत; एकट्याने केलेल्या भ्रमणाचा तो ‘एकांक’, आणि परिवार जमल्यावरचे पूर्वार्ध व उत्तरार्ध. चरित्राचे टप्पे सोबतीवरून पाडावेत हे म्हाइंभटास सहज सुचले. आम्हांस मात्र ते सुचण्यासाठी अमेरिकेतून आलेल्या तक्त्याशी भांडावे लागते.

‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ ह्या काळात चार भागांत प्रसिद्ध झाली. लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. माहेरचे नाव मनकर्णिका, म्हणजे मनू गोखले. १८८० साली नारायण वामन टिळकांशी विवाह झाला आणि मनूची लक्ष्मी झाली. (स्वतः एरिक्सन ह्यांनीही आपले नाव बदलून घेतले होते; पण ते १९३९ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी आणि स्वेच्छेने. अस्मितेच्या उपपत्तीचा जनक आणि आपली अकरा-बारा वर्षांची नायिका ह्यांच्यातील अंतर येथेच दिसून यावे.)

बालपणाच्या भागात एरिक्सन ह्यांचा आपणास खरोखर उपयोग होतो, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले होते. सत्तावन्नच्या धामधुमीत सासरे फासावर गेले, त्या धक्क्यानंतर ते जडले. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यावयाची नाही. सर्व जग विटाळलेले, आणि तो विटाळ धुण्यात बायकापोरांचे सारे बळ खर्ची पडावयाचे. जगावर विश्वास टाकावा की नाही हा पहिल्या अवस्थेचा पेच येथे केवळ आईच्या मांडीवर नव्हे, तर घराच्या उंबरठ्यावर उभा आहे. एरिक्सन ह्यांनी हा प्रश्न शिकविला नसता, तर हा भाग आपण विनोदी विक्षिप्तपणा म्हणून वाचून सोडला असता. पुढे नाशकास निपुत्रिक मावशीच्या आणि गोविंदराव खांबेट्यांच्या घरी त्या वाढल्या, त्या प्रकरणांतील मोकळेपणा ह्याच पार्श्वभूमीवर खुलून दिसतो.

खरी अडचण पुढे येते. १८९३ साली टिळक नागपूर-राजनांदगाव प्रवासात असता डब्यात त्यांची एका युरोपीय सहप्रवाशाशी गाठ पडली. भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया हा तोच मार्ग. त्या गृहस्थाने टिळकांना बायबल वाचावयास दिले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले, ही हकिगत सर्वश्रुत आहे. फेब्रुवारी १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला. त्या वेळी लक्ष्मीबाई सव्वीस वर्षांच्या होत्या आणि पदरी लहान दत्तू. पुढची पाच वर्षे वियोगाची, संभ्रमाची, काही काळ पंढरपूरच्या वास्तव्याची. टिळकांच्या सान्निध्यात परतल्यावरही त्यांनी सोवळेओवळे एकदम टाकले नाही. जातिभेद मनातून गळाला तो स्वतःच्या विचाराने, नवऱ्याच्या आज्ञेने नव्हे. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ह्या पाच वर्षांना तक्त्यात कोठे बसवावयाचे? अस्मितेचा पेच म्हणावे, तर तो विशीच्या आत सुटावयास हवा होता. तेव्हा अभ्यासक लिहितो की बालविवाहामुळे लेखिकेची अस्मिता ‘विलंबित’ झाली. हा शब्द वरवर निरुपद्रवी वाटतो. परंतु ज्या बाईने अकराव्या वर्षापासून संसार केला, नवऱ्याच्या लहरी आणि वेळी-अवेळी घर सोडून जाणे सोसले, मुले जन्मास घातली आणि पुरली, तिला हा शब्द अपक्व ठरवितो. आणि तिच्या आयुष्यातील सर्वांत धैर्याच्या निर्णयाला राहून गेलेल्या अभ्यासाची किंमत देतो. हे मला मान्य नाही. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यात जवळीक आधी आली, जोपासना तिच्याबरोबर आली, आणि ह्या दोहोंच्या पोटातून, त्यांच्यावर आघात झाला तेव्हा, ‘मी कोण’ हा प्रश्न आला. तो उशिरा आला असे म्हणण्यापेक्षा, ज्या वाटेने तो येणे शक्य होते त्या वाटेने तो आला, असे म्हणणे अधिक सयुक्तिक होईल. बरे, टिळकांचे काय? धर्मांतराच्या वेळी ते तेहतीस वर्षांचे होते. त्यांच्या बाबतीत कोणी विलंबाची भाषा करीत नाही. तेथे ‘सत्यशोधन’ हा शब्द हाताशी असतो.

ह्या आक्षेपाचा बराचसा भाग कॅरॉल गिलिगन ह्यांनी १९८२ साली ‘इन अ डिफरंट व्हॉइस’ ह्या ग्रंथात मांडलाच होता: अस्मिता आधी आणि जवळीक नंतर हा क्रम पुरुषाच्या आयुष्यावरून बेतलेला आहे. एरिक्सन ह्यांनी सविस्तर चरित्राभ्यासासाठी निवडले ते लूथर (१९५८) आणि गांधी (१९६९), हेही लक्षात घ्यावे. तथापि न्यायाने हेही सांगितले पाहिजे की एरिक्सन स्वतः आपल्या तक्त्याइतके कठोर नव्हते. प्रत्येक पेचाची बीजे सर्व वयांत असतात आणि सुटलेला पेच पुन्हा उकलू शकतो, असे ते सांगत आले. दोष बराचसा आमच्यासारख्या, तक्ता फळ्यावर लिहून देणाऱ्या अध्यापकांचा आहे.

दुसरी एक पळवाट आपल्याकडे लोकप्रिय आहे: परकीय उपपत्ती नको, आपली आश्रमव्यवस्था घ्यावी. सुधीर कक्कर ह्यांनी १९६८ सालीच आश्रमधर्म आणि एरिक्सन ह्यांची तुलना केली होती आणि ती उद्बोधक आहे. परंतु लक्ष्मीबाईंच्या कामी ती येत नाही. आश्रमांची चौकट द्विज पुरुषासाठी आखलेली; तिच्यात मनूला ब्रह्मचर्य नाही आणि वेगळा संन्यासही नाही. संत बहिणाबाईंचे आत्मनिवेदन आठवावे. तिसऱ्या वर्षी तीस वर्षांच्या बिजवराशी विवाह झालेल्या ह्या कवयित्रीने आपली कथा ह्या जन्मात पुरेना म्हणून मागील बारा जन्मांपर्यंत नेली. चार आश्रमांच्या आधारे वा आठ अवस्थांच्या आधारे तिची वाढ सांगू पाहणाऱ्याने आधी ह्या बारा जन्मांचा विचार करावा.

राहता राहिली आठवी अवस्था. १९१९ साली टिळक निवर्तले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी हाती घेतले, आणि साठी ओलांडल्यावर ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. वृद्धांच्या गतस्मरणास रॉबर्ट बटलर ह्यांनी १९६३ मध्ये ‘जीवनसमीक्षा’ अशा अर्थाचे नाव दिले आणि तो मनाचा चाळा नसून कार्य आहे असे दाखविले. येथे एक गोष्ट सहसा निसटते. आत्मचरित्रातील पाच वर्षांची मनू ही पाच वर्षांची नसते. तिला साठीतील लक्ष्मीबाई बोलवीत असतात. म्हणून पहिल्या अवस्थेचा म्हणून काढलेला प्रत्येक पुरावा वस्तुतः शेवटच्या अवस्थेचाही असतो, आणि कप्पे पाडण्याची सारी रीत येथे डळमळते. वडिलांच्या सोवळ्याची हकिगत आपणास हसविते. हे हसू त्या मुलीचे नसून त्या वृद्धेचे आहे, आणि तिने मधल्या काळात काय केले हे त्या हसण्यात दिसते.

भाषेचा अभ्यासक म्हणून ह्या संदर्भात एका साधनाकडे लक्ष वेधावेसे वाटते. मराठीत स्वतःच्या अगदी लहानपणाविषयी बोलताना ‘म्हणे’ हे अव्यय सहज येते: मी म्हणे फार रडे, मी म्हणे कोणाकडे जात नसे. स्वतःविषयीचे हे ज्ञान दुसऱ्याच्या तोंडून आलेले आहे, अशी कबुली व्याकरणच देते. त्यानंतर ‘करी’, ‘जाई’, ‘म्हणे’ असा रीतिभूतकाळ येतो. तेथे आयुष्य सवयींचे बनलेले असते आणि वर्षे मोजली जात नाहीत. साधा भूतकाळ एकामागून एक येऊ लागला की समजावे, निर्णयाचा प्रसंग जवळ आला. ऐकीव बालपण, सवयींचा काळ आणि घटनांचा काळ ह्यांच्या सीमा कोणत्या वयात पडतात, हे एकेका आत्मचरित्रात मोजून पाहता येईल. रमाबाई रानडे ह्यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) आणि दया पवार ह्यांचे ‘बलुतं’ (१९७८) ह्या दोन ग्रंथांत त्या एकाच जागी पडतील असे मला वाटत नाही. अशी मोजणी एखाद्या विद्यार्थ्याने हाती घेतल्यास तिला तक्त्याची गरज पडणार नाही. क्रियापदांच्या टिपणवहीची मात्र पडेल.