संकेत की लिंग? : मायकेल स्पेन्स यांच्या विचाराची व कारकिर्दीची एक चिकित्सा

अर्थशास्त्रातील 'सिग्नल' या पारिभाषिक शब्दासाठी मराठीत 'संकेत' हा प्रतिशब्द सहज सुचतो. भाषेच्या अभ्यासकास मात्र तो तितक्या सहजपणे स्वीकारता येत नाही. संकेत म्हणजे शब्द व अर्थ यांच्यात समाजाने मानून घेतलेला संबंध. 'झाड' या ध्वनिसमुच्चयात वृक्षत्वाचा अंशही नाही. तरीही मराठी भाषिकांच्या संमतीने तो त्या अर्थाचा वाचक होतो. सोस्यूर याने यालाच चिन्हाची यादृच्छिकता म्हटले. मायकेल स्पेन्स यांना अभिप्रेत असलेला सिग्नल या अर्थाने संकेत आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा पहिला प्रश्न आहे. ज्या गृहस्थाने पदवीचे मूल्य इतक्या निर्विकारपणे तपासले, त्यानेच पुढे पदव्या देणाऱ्या संस्थांचे नेतृत्व करावे, याचा अर्थ काय, हा दुसरा. हे दोन प्रश्न परस्परांत गुंतलेले आहेत, असे आम्हांस वाटते.

स्पेन्स यांचा जन्म १९४३ सालचा. प्रिन्स्टन येथे तत्त्वज्ञान, ऑक्सफर्ड येथे गणित आणि हार्वर्ड येथे अर्थशास्त्र असा त्यांच्या अध्ययनाचा क्रम होता. १९७२ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. १९७३ मध्ये नोकरीच्या बाजारातील सिग्नलांवरील त्यांचा निबंध व १९७४ मध्ये त्याच विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. १९८१ मध्ये त्यांस जॉन बेट्स क्लार्क पदक मिळाले. १९८४ ते १९९० या काळात ते हार्वर्डच्या कला व विज्ञान शाखांचे अधिष्ठाता होते आणि १९९० ते १९९९ या काळात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या व्यवसाय-व्यवस्थापन विद्यालयाचे. २००१ मध्ये जॉर्ज अ‍ॅकरलॉफ व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासह ते नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. म्हणजे ज्या सिद्धांतासाठी त्यांचा गौरव झाला तो तिशीच्या आसपासचा, आणि सिद्धांत व गौरव यांच्यामधील पंधरा वर्षे अधिष्ठातेपदाची.

मूळ निबंधातील उदाहरण अगदी साधे आहे. उमेदवारांचे दोन गट. एकाची उत्पादकता १, दुसऱ्याची २. कोण कोणत्या गटातील, हे मालकास नेमणुकीपूर्वी कळत नाही. त्याला दिसते ते केवळ शिक्षण. शिक्षणाचा जेवढा पल्ला, तेवढाच खर्च पहिल्या गटास पडतो, तर दुसऱ्यास त्याच्या निम्मा. खर्च म्हणजे येथे केवळ पैसा नव्हे; श्रम व मनस्तापही त्यात आले. अमुक एका पातळीपर्यंत शिकलेल्यास २ व इतरांस १ वेतन द्यावयाचे, असे मालकाने ठरविले की पुढचे गणित आपोआप घडते. पातळी १ व २ यांच्या दरम्यान कोठेही असली, तरी पहिल्या गटास शिकणे परवडत नाही आणि दुसऱ्यास न शिकणे परवडत नाही. मालकाची समजूत अनुभवाने खरी ठरते आणि म्हणून टिकून राहते. शिक्षणाने उत्पादकता वाढते असे या उदाहरणात कोठेही मानलेले नाही. मात्र शिक्षण वस्तुतः निरुपयोगी असते, असाही स्पेन्स यांचा दावा नाही. ते विवेचनाच्या सोयीसाठी केलेले गृहीतक आहे. नोबेल व्याख्यानात त्यांनी शिक्षणाने उत्पादकता वाढत असल्याच्या स्थितीचाही विचार केला आहे.

आता आपल्या पहिल्या प्रश्नाकडे वळू. न्यायशास्त्रात जिच्यावरून न दिसणाऱ्या वस्तूचे अनुमान करावयाचे त्या खुणेस 'लिंग' म्हणतात. धूर हे अग्नीचे लिंग. धुराचा व अग्नीचा संबंध कोणाच्या संमतीने ठरलेला नसतो. तेथे व्याप्ती असते. स्पेन्स यांच्या उदाहरणात व्याप्तीचे कार्य करतो तो खर्चातील भेद. तो भेद नाहीसा झाला, तर कितीही संमती असली तरी पदवी काहीही सांगू शकत नाही. या अंगाने पाहता त्यांचा सिग्नल हे लिंग आहे. परंतु पातळी सव्वा असावी की पावणेदोन, हे मात्र कोणताही निसर्गनियम ठरवीत नाही. ते रूढीने ठरते, आणि तेवढ्यापुरता तो संकेतही आहे. सारांश, खूण बोलते ती लिंग म्हणून. पण तिची किंमत ठरते ती संकेताने. 'संकेत' हा एकच प्रतिशब्द वापरला की या दोहोंतील भेद मराठीत बुजून जातो.

हा भेद केवळ शब्दांचा नाही. दोन्ही गट निम्मेनिम्मे असतील आणि शिक्षणाकडे कोणी पाहतच नसेल, तर प्रत्येकास सरासरी १.५ वेतन मिळेल. पातळी १.५ ठरली, तर वरच्या गटास २ मिळतात खरे, पण त्यांतून ०.७५ खर्च वजा जाऊन हाती १.२५ उरतात, खालच्या गटास १. म्हणजे रूढीमुळे दोघांचेही नुकसान होते, आणि तरीही एकट्याने तिच्याबाहेर पडणे कोणासही परवडत नाही. भाषेतील रूढी आपण निरुपद्रवी मानतो. ही रूढी तशी नाही.

येथे स्पेन्स यांच्या मांडणीतील एक उणीव नोंदविली पाहिजे. तिच्यात दोनच पात्रे आहेत : मालक आणि उमेदवार. पदवी देणारे विद्यापीठ हे पात्र तेथे नाही. शिक्षण ही केवळ एक मोजपट्टी आहे. प्रत्यक्षात ती पातळी ठेवणारी, प्रवेश देणारी व नाकारणारी, शुल्क ठरविणारी संस्था असतेच, आणि तिचे स्वतःचे हितसंबंधही असतात. मांडणीत ज्याला स्थान नव्हते, त्याच तिसऱ्या पात्राच्या आसनावर स्पेन्स यांनी पंधरा वर्षे काढली. यास काही जण विसंगती म्हणतील. आम्हांस ती विसंगती वाटत नाही. पदवी हे लिंग असेल, तर व्याप्ती शाबूत राखणे हेच अधिष्ठात्याचे कर्तव्य ठरते. परंतु ती कशी राखावी, याचे उत्तर मूळ सिद्धांतात मिळत नाही.

आणि व्याप्ती मोडते कोठे? अग्नी आहे म्हणून धूर असलाच पाहिजे, हे अनुमान फसते, कारण धुरास ओल्या इंधनाचा संयोग लागतो. नैयायिक यास उपाधी म्हणतात. पदवीवरून गुणवत्तेचे अनुमानही असेच सोपाधिक आहे : खर्चातील भेद गुणवत्तेतूनच आलेला असला पाहिजे. तो घरच्या सांपत्तिक स्थितीतून आला असेल, तर अनुमान हेत्वाभास होते. स्पेन्स यांस याची जाणीव नव्हती असे नाही. बदलता येतात ती लक्षणे सिग्नल, आणि लिंगभेद, वंश यांसारखी न बदलणारी लक्षणे निर्देशक, असा भेद त्यांनी केला. गुणवत्ता सारखी असूनही केवळ निर्देशक भिन्न म्हणून एका समूहास अधिक शिक्षणाचा भार सोसावा लागेल, अशी समतोलाची स्थिती संभवते, हेही त्यांनी दाखविले. त्यांच्या निबंधाचा हा भाग अधिक वाचला जाण्याच्या योग्यतेचा आहे.

परंतु या वर्गीकरणात एक खूण नीट बसत नाही, आणि ती आमच्या विषयाची आहे : प्रमाणभाषा. 'पाणी' ऐवजी 'पानी' म्हणणाऱ्या उमेदवाराविषयी मुलाखत घेणारा जे अनुमान करतो, ते कोणत्या प्रकारचे? उच्चार बदलता येतो, म्हणून तो निर्देशक नव्हे. पण तो बदलण्याचा खर्च बुद्धीवर ठरत नाही. कोणत्या घरात व कोणत्या गावात जन्म झाला यावर ठरतो. ज्याच्या घरी प्रमाणभाषाच बोलली जाते, त्यास तो खर्च शून्य. इंग्रजीतील सफाईदारपणाचीही आज हीच गत आहे. म्हणून सिग्नल व निर्देशक यांच्यामध्ये तिसरा वर्ग मानावा लागेल : बदलण्याजोगी, परंतु जन्माने किंमत ठरलेली लक्षणे. अशा लक्षणांवर गुणवत्तेचे अनुमान उभे करणे म्हणजे ओले इंधन न पाहता धुराविषयी निर्णय देणे होय.

स्पेन्स यांच्या विचाराचे मोल यामुळे कमी होत नाही. पदवीकडे श्रद्धेने न पाहता खूण म्हणून पाहण्यास त्यांनी शिकविले. त्या खुणेमागे खर्च कोणाचा किती झाला, हे विचारण्याचे काम पदवी देणाऱ्या प्रत्येक विभागाकडे येते. पदव्युत्तर परीक्षेची उत्तरपत्रिका तपासताना आपण विचारास गुण देतो की घरातून आयत्या मिळालेल्या भाषेस, हा प्रश्न मराठीच्या विभागासही टाळता येणार नाही.