‘म्हणे’चा लोप

जुन्नर-आंबेगावच्या पारावर वार्ता येते ती ‘काल मळ्यात बिबट्या आला म्हणे’ अशा रूपात. ह्या ‘म्हणे’ने वक्ता विधानाचे कर्तृत्व दुसऱ्याकडे सोपवितो व श्रोत्यास ‘कोण म्हणतो?’ असे विचारण्याची वाटही मोकळी ठेवतो. शिरूर लोकसभा मतदारसंघातील ह्या दोन तालुक्यांत बिबट्या हा निवडणुकीचाही विषय आहे. म्हणून ह्या व्याकरणास राजकीय मोल आहे.

व्हॉट्सॲपवरील मजकुरात नेमके हेच ‘म्हणे’ गळते. ऐकीव गोष्ट निश्चयार्थी वाक्यात उतरते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणाऱ्यांच्या अफवेपायी पाच जणांची हत्या झाली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने पुढे धाडलेल्या संदेशांवर तशी खूण आणली. परंतु ती खूण संदेशाचा प्रवास सांगते. धाडणाऱ्याचा त्यावरील विश्वास वा संशय सांगत नाही. ‘म्हणे’ने अफवा थांबत नसे, हे खरे, तथापि तिचे अफवापण लपत नसे.

लोकशाही चर्चेत मतभेद चालतात. निर्धनी निश्चयाला मात्र उत्तर देता येत नाही. कारण ते द्यावयाचे कोणास? समाजमाध्यमांच्या राजकीय भाषेची चिकित्सा शिवराळ शब्दांपाशी थांबते, ती ह्या गळालेल्या ‘म्हणे’पासून सुरू व्हावयास हवी.